नियम उसना घ्या, नक्षी नको

आंतरवासितेचे दिवस जवळ आले की बी.एड. आणि डी.एल.एड.च्या छात्राध्यापकांचे ठरावीक प्रश्न सुरू होतात. कला एकात्मिक पाठ घ्यायचा आहे, त्यात दुसऱ्या प्रांताची किंवा देशाची चित्रकला वापरा अशी सूचना आहे. म्हणजे नेमके करायचे काय? चित्रकला येत नसेल तर? इंटरनेटवरून छापून आणलेले चित्र चालेल का? नक्कल केली तर तिला सर्जनशीलता कोण म्हणणार? आणि एखाद्या जमातीची कला अशी उचलून वर्गात आणायचा आपल्याला हक्क आहे का? प्रश्न रास्त आहेत. त्यांवर ठिकठिकाणी मिळणारे उत्तर मात्र एकच असते: कार्डशीट घ्या, कडेने वारली नाचवा, मध्ये प्रकाशसंश्लेषण लिहा, लॅमिनेट करा आणि फोटो काढून फाईलला लावा. अशा तक्त्याला गुणही मिळतात. पण तो करताना तुम्हाला एकही निर्णय घ्यावा लागलेला नसतो. वारलीऐवजी मधुबनी लावली असती तरी प्रकाशसंश्लेषणाचे काही बिघडले नसते.

या लेखाचा सगळा भर याच मुद्द्यावर आहे. परक्या कलेची नक्षी उचलली तर हाती सजावट लागते. तिचा नियम उचलला, म्हणजे ती कोणत्या पृष्ठभागावर, कोणत्या हत्याराने, कशाला महत्त्व देऊन आणि काय वगळून केली जाते हे समजून घेतले, तर तुम्हाला पावलोपावली ठरवावे लागते. शिक्षकाला लागणारी सर्जनशीलता या ठरवण्यातच घडते.

नक्कल करावी की नाही?

करावी. चित्रकलेचा इतिहास या बाबतीत शंका ठेवत नाही. सलीमच्या, म्हणजे पुढच्या जहांगीरच्या, पदरी असलेल्या अबुल हसनने १६०० साली, वयाच्या तेराव्या वर्षी, जर्मन चित्रकार ड्यूररच्या १५११ च्या छापचित्रातला संत योहान पाहून काढला. पुढे तो जहांगीरचा सर्वांत लाडका चित्रकार झाला. उलट्या दिशेने पाहा: रेम्ब्रांटने १६५६ ते १६६१ च्या सुमारास ॲम्स्टरडॅममध्ये बसून मुघल लघुचित्रांवरून वीसहून अधिक रेखाटने केली, तीही जपानहून आलेल्या कागदावर. तेव्हा तो पन्नाशीत होता, नावाजलेला होता. शिकाऊ उमेदवार नव्हता. त्या रेखाटनांत मुघल चित्रातली ठाशीव, बंदिस्त रेघ सैल झालेली दिसते आणि सपाट जागी सावली उतरलेली दिसते. समोरच्या चित्राचा नियम पाळताना त्याची स्वतःची सवय आड आली, आणि जिथे आड आली तिथेच त्या रेखाटनांत खरी गंमत आहे.

तुमच्याही बाबतीत असेच होईल. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांनी आपल्याकडच्या कित्येकांच्या हाताला छायाप्रकाश, यथार्थदर्शन आणि पेन्सिलचे घोटीव शेडिंग यांची सवय लावली आहे. ही सवय चांगलीच आहे. फक्त ती सवय आहे हे आपल्याला जाणवत नाही. चित्र असेच असते, असे वाटते. दुसऱ्या परंपरेचे चित्र शेजारी ठेवून हातानेच उतरवायला घेतले की हात अडतो, आणि चित्रे इतर तऱ्हांनीही विचार करतात हे ध्यानात येते. हा अनुभव मोबाईलवर शंभर चित्रे सरकवून मिळत नाही. छापलेले चित्र पाहायला जरूर घ्या, चिकटवायला घेऊ नका.

कोणती कला निवडावी?

नाव किती प्रसिद्ध आहे ते पाहू नका. पुढच्या तीन कसोट्या पुरेत.

- ती कला कशावर आणि कशाने केली जाते हे तुम्हाला नक्की सांगता येते का?
- तिचा एखादा काटेकोर नियम एका वाक्यात लिहिता येतो का?
- तिचा खरा नमुना किंवा ती करणारा कलाकार तुम्हाला प्रत्यक्ष, निदान चांगल्या चित्रफितीत तरी, पाहता येतो का?

तिन्हींची उत्तरे ‘हो’ आली तर ती कला घ्या. सीबीएसई शाळेत आंतरवासिता असेल तर निम्मे काम आधीच झालेले असते. मंडळाने २०२० पासून पहिली ते दहावीसाठी कला एकात्मिक प्रकल्प सांगितले आहेत आणि त्यांत ‘एक भारत श्रेष्ठ भारत’ उपक्रमातल्या जोडीदार राज्याची कला घेण्याची अपेक्षा आहे. महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी आणि गोव्याची झारखंडशी. राज्य मंडळाच्या शाळेत हे बंधन नाही, पण जोड्या तिथेही कामाला येतात. कारण एकच परंपरा घेतली की ती ‘मुळात तशीच’ वाटते; दोन शेजारी ठेवल्या की फरक बोलू लागतो.

गोव्याच्या जोडीचे उदाहरण जरा जवळून पाहण्यासारखे आहे. गोव्यात आणि कोकणात जुन्या देवळांच्या काही भिंतींवर कावी काम दिसते. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर तांबड्या काव मातीचा थर चढवतात आणि तो ओला असतानाच लोखंडी टोकाने खरवडतात. खालचा पांढरा उघडा पडतो आणि नक्षी उमटते. झारखंडमध्ये हजारीबागच्या गावांत लग्नाच्या दिवसांत बायका घराच्या भिंतींवर खोवर काढतात. तिथे आधी काळ्या मातीचा थर, तो वाळला की वर पांढऱ्या मातीचा, आणि तो ओला असतानाच कंगव्याने किंवा बोटांनी ओरखडतात. तत्त्व तेच: वरचे काढायचे, खालचे दाखवायचे. तरी चित्रे अगदी वेगळी. कावीचे टोक एका वेळी एकच रेघ देते, हाताशी कंपासही असतो. म्हणून वर्तुळात बसवलेली फुले, जाळ्या, काटेकोर सममिती. कंगवा एका फटक्यात पाच-सहा समांतर रेघा देतो. म्हणून जनावराच्या पाठीवरून, झाडाच्या फांदीवरून धावत गेलेले पट्टे. एकीकडे आखणी, दुसरीकडे वेग, आणि दोन्हीकडे थर वाळायच्या आत काम संपवायची घाई.

हे वर्गात करायला फार खर्च येत नाही. जाड पुठ्ठ्यावर थोडे फेविकॉल घातलेली शाडूची पातळ लापशी लावा आणि वाळू द्या. त्यावर गेरूचा हात फिरवा, ओलसर असतानाच खिळ्याने खरवडा. दुसऱ्या पुठ्ठ्यावर कोळशाची पूड कालवून काळा थर द्या, तो वाळला की वर शाडू, आणि मोडका कंगवा. खरा चुना मुलांच्या हाती देऊ नका. तो कातडी आणि डोळे भाजतो. आता याच नियमात तुमच्या विषयाचा पाठ बसवून पाहा. भूगोलात जमिनीचे थर शिकवायचे असतील तर खरवडणे हीच आशयाची कृती होते. भूमितीत सममिती असेल तर कावी घ्या, खोवर घेऊ नका. हे ‘घ्या’ आणि ‘घेऊ नका’ तुम्हाला कारणासह सांगता आले की पाठ तुमचा झाला.

महाराष्ट्र-ओडिशा जोडीत वारली आणि सौरा ही निवड बहुतेक जण करतात, आणि बहुतेक जण चुकतात, कारण दोन्ही त्यांना सारख्याच दिसतात. वारलीत माणसाचे धड म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. सौरा चित्रात आकृती लांबट असते, सांधा तितका तीक्ष्ण नसतो, आणि चित्रकार आधी चौकट काढून मग आत भरत जातो. फरक मुलांनाच शोधू द्या. ती लवकर शोधतात.

देशाबाहेरची जोडी हवी असेल तर भाषा आणि इतिहासाच्या पाठांसाठी सिंधुदुर्गातल्या पिंगुळीची चित्रकथी आणि जपानची कामिशिबाई यांच्यासारखी जोडी नाही. चित्रकथीत ठाकर समाजातले कथेकरी सुट्या चित्रांची पोथी समोर धरून, वाद्यांच्या साथीने रामायण-महाभारतातली कथा गातात. कामिशिबाईवाले १९३०च्या दशकात सायकलवर लाकडी चौकट लावून गल्लोगल्ली फिरत. मुलांना गोळ्या विकत आणि चौकटीतली चित्रे एकेक सरकवत गोष्ट सांगत. चित्र अर्धेच ओढून थांबायचे, मुलांना ताटकळत ठेवायचे आणि मग उरलेले ओढायचे, हा त्यातला खास डाव. काय केव्हा दाखवायचे आणि काय झाकून ठेवायचे हे ठरवण्याचा इतका चांगला सराव दुसऱ्या कुठल्या शैक्षणिक साहित्यात मिळत नाही. पॉवरपॉइंटवर सगळे मुद्दे एकदम दाखवण्याची सवय लागलेल्यांनी तर हा सराव जरूर करावा.

पाठापर्यंत कसे जायचे?

सर्वांत उपयोगी नमुना एका पुस्तकात आहे. मध्य प्रदेशातले गोंड चित्रकार भज्जू श्याम एका उपाहारगृहाच्या भिंती रंगवायला लंडनला गेले आणि परत आल्यावर त्यांनी पाहिलेले लंडन गोंड पद्धतीने काढले. ‘द लंडन जंगल बुक’ हे ते पुस्तक तारा बुक्सने २००४ मध्ये काढले. त्यात बिग बेनचा कोंबडा झाला आहे, कारण वेळ सांगण्याचे काम गोंडांच्या चित्रांत कोंबडा करतो. ज्या बसवर त्यांचे येणे-जाणे अवलंबून होते ती इमानी कुत्रा झाली आहे. भुयारी रेल्वे गांडूळ झाली आहे. गोंड नक्षीचे ठिपके आणि रेघा तिथे आहेतच, पण लंडन समजून घ्यायला उपयोगी पडला तो नियम: वस्तू कशी दिसते यापेक्षा ती काय करते ते काढा. हा नियम आठवीच्या वर्गात नेऊन पाहा. एसटी कोणता प्राणी? गावची पाण्याची टाकी? नागरिकशास्त्रातली ग्रामसभा? उत्तर कोणतेही येवो, ‘का’ हे सांगताना मुलाला ती गोष्ट काय काम करते ते सांगावेच लागते, आणि पाठाचे उद्दिष्ट नेमके तेच असते.

तुमच्या तयारीचा क्रम असा ठेवा:

१. एकच चित्र घ्या आणि वीसेक मिनिटे नुसते पाहा. दिसते तेवढेच लिहा. ‘सुंदर’, ‘पारंपरिक’, ‘निसर्गाशी नाते’ असले शब्द त्या यादीत येऊ देऊ नका.

२. एक कोपरा उतरवा. संपूर्ण चित्राची गरज नाही. हात कुठे अडला त्याची समासात नोंद करा.

३. नियम एका वाक्यात लिहा.

४. तोच नियम पाळून स्वतःच्या गावातला, स्वतःच्या विषयातला प्रसंग काढा. बहुतेकांची गाडी इथे अडते आणि हात पुन्हा नक्षीकडे वळतो. तसे झाले तर नियम नीट लिहिला गेला नव्हता असे समजून तिसऱ्या पायरीवर परत जा.

५. जोडीतली दुसरी परंपरा घेऊन हेच थोडक्यात करा, आणि मग पाठ टाचण लिहायला बसा.

टाचणात ‘विद्यार्थी वारली चित्र काढतात’ असे उद्दिष्ट लिहू नका. ‘विद्यार्थी निवडीचे कारण सांगतात’ असे लिहा. निरीक्षकांना तपासायला काहीतरी ठोस मिळते आणि तुम्हालाही.

नेहमीचे आक्षेप

चित्रकला येत नाही, ही अडचण वाटते तेवढी मोठी नाही. उलट, हात तयार असलेले छात्राध्यापक वेगळ्या नियमाशी जास्त झगडतात, कारण त्यांच्या हाताला आपलेच वळण सोडवत नाही. वेळ नाही, हा आक्षेप जास्त खरा आहे. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये नाट्य आणि कला शिक्षणाचा स्वतंत्र भाग आहे, पण पुष्कळ महाविद्यालयांत तो स्नेहसंमेलनाच्या आसपास उरकला जातो. त्यावर उपाय असा की कलेसाठी वेगळा तास मागत बसू नका. तुमच्या अध्यापन पद्धतीच्या ठरलेल्या पाठांपैकी एकच पाठ या रीतीने घ्या. पाठांची संख्या तेवढीच राहते.

काही अनुभवी प्राध्यापक आणखी एक आक्षेप घेतात आणि तो वजनदार आहे: मुलांना मोकळे सोडा, नियम कशाला? मोकळेपणाची ही बाजू ऐकायला गोड आहे. पण ‘काहीही काढा’ म्हटल्यावर वर्गात काय येते ते आठवा: दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी, एक झोपडी. बंधन नसले की हात सवयीकडेच धावतो. अनोळखी नियम त्या सवयीची वाट अडवतो आणि मोकळेपणाला काम देतो. यातली मर्यादाही सांगितली पाहिजे. पहिली-दुसरीच्या मुलांना नियमात अडकवू नका. त्यांच्या चित्रांची सवय अजून पक्की झालेली नसते. ही रीत मुख्यतः तुमच्यासाठी आणि पाचवीपुढच्या वर्गांसाठी आहे.

धर्माचा प्रश्न निघतोच, आणि तो टाळून चालणार नाही. गोव्यात जन्मलेले आणि पुण्यात राहून काम केलेले आंजेलो द फोन्सेका (१९०२-१९६७) यांनी शांतिनिकेतनात शिकलेल्या जलरंगांच्या रीतीने साडीतली मेरी काढली. दोन परंपरांच्या भेटीचे ते उत्तम उदाहरण आहे, आणि अशा भेटीने लोक दुखावू शकतात याचेही; त्यांच्या चित्रांना टीका सोसावी लागली. वर्गात पूजेची प्रतिमा हाताळायची असेल तर ती काढायला सांगू नका, पाहायला द्या, आणि आधी मुख्याध्यापकांशी बोला. नवख्या छात्राध्यापकाने अशा प्रसंगी धाडस दाखवण्याची गरज नाही.

खबरदारी कुठे घ्यावी?

पूजेच्या प्रतिमेबाबतची खबरदारी आदिवासी चित्रांनाही लागू आहे, आणि तिथे मात्र ती हमखास विसरली जाते. वारल्यांचा लग्नचौक ही शोभेची चौकट नव्हे. तो लग्नाच्या विधीत सवाशिणी काढतात आणि त्यात पालघट देवी असते. सौरांचे इडितल हे देवांसाठी आणि पूर्वजांसाठी भिंतीवर उभारलेले घर आहे. शेत, नाच, मासेमारी यांची चित्रे सरावाला पुष्कळ आहेत. चौक आणि इडितल यांची नक्कल टाळा आणि ती का टाळली हे मुलांना सांगा. दुसरी चूक भूतकाळाची: ‘आदिवासी लोक अशी चित्रे काढत असत.’ काढत आहेत. पालघर जिल्ह्यात आजही वारली चित्रकार नावानिशी काम करतात. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०१८ पर्यंत ते आपल्यात होते. तक्त्यावर ‘आदिवासी कला’ असे मोघम लिहू नका. जमात, गाव आणि ठाऊक असेल तर चित्रकाराचे नाव लिहा.

हक्क: त्यांचे आणि तुमचे

कॉपीराइट कायदा १९५७ चे कलम ५२ तुमच्या बाजूने आहे. शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने शिकण्या-शिकवण्याच्या ओघात केलेली प्रतिकृती उल्लंघन ठरत नाही. पण ही सवलत वर्गापुरती आहे. तेच चित्र महाविद्यालयाच्या माहितीपत्रकावर, टी-शर्टवर किंवा विक्रीच्या भेटकार्डावर आले की परवानगी लागते. चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे हा हक्क राहतो. परंपरा शेकडो वर्षांची असली तरी तिच्यात आज काढलेले चित्र आजच्या चित्रकाराचे असते, हे विसरू नका. कलम ५७ प्रमाणे चित्रकाराचे नाव लावले जाण्याचा आणि त्याच्या मानाला धक्का लागेल अशी चित्राची मोडतोड रोखण्याचा हक्क त्याच्याकडे वेगळा राहतो.

वारलीला २०१४ मध्ये आणि सोहराय-खोवरला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे वर्गात शिकण्याला बंदी येत नाही; त्या नावाने माल विकण्यावर बंधन येते. म्हणून शाळेच्या आनंदमेळ्यात मुलांनी केलेल्या पणत्या ‘अस्सल वारली’ म्हणून विकू नका. कलाकाराला वर्गात बोलावणार असाल तर मानधन आणि प्रवासखर्च आधी ठरवा, लेखी ठरवा. ‘आपल्या कलेचा प्रसार होईल’ हे मानधन नव्हे.

तुमचाही हक्क आहे. तुम्ही काढलेले चित्र आणि तुम्ही रचलेले साहित्य तुमचे आहे; तुम्ही विद्यार्थी आहात, नोकर नाही. महाविद्यालयाने ते प्रसिद्ध केले तर त्यावर तुमचे नाव मागा. मूल्यमापनाचे निकष पाठाआधी मागणेही गैर नाही. निकषांत फक्त ‘सुबकता’ आणि ‘रंगसंगती’ असेल तर मार्गदर्शकांना विनंती करा की चित्रासोबत निर्णयांची एका पानाची नोंद जोडू द्यावी आणि तिला काही गुण असावेत: नियम कोणता घेतला, काय वगळले, कुठे बेत बदलला. विनंती मान्य झाली नाही तरी नोंद जोडाच. नेमणुकीच्या मुलाखतीत ‘तुम्ही वर्गात वेगळे काय केले?’ असे कोणी विचारले तर लॅमिनेट केलेल्या तक्त्यापेक्षा ते पान जास्त उपयोगी पडते.

प्रत्यक्ष पाहण्यासाठी चित्रकथी आणि पैठणी चित्रे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत. पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी उभारलेले ठाकर आदिवासी कला आंगण आहे. मुघल आणि दख्खनी लघुचित्रे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पाहता येतात. गटाने जाणार असाल तर प्राचार्यांच्या सहीचे पत्र आठवडाभर आधी पाठवा, रेखाटन करण्याची परवानगी त्यातच मागा, आणि जाण्याआधी सुट्टीचा वार फोन करून विचारा. पुष्कळ संग्रहालये सोमवारी बंद असतात.